असं कोण बोलतंय?

“प्रिये, तुझ्याविना माझे जीवन निरर्थक आहे...”

भूमच्या स्टँडवर, बाजाराच्या गर्दीत, आमच्या ईट गावाच्या गाडीची वाट बघत मी माझ्या कथेतल्या नायकाचं हे वाक्य पुटपुटत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

“ओ मॅडम, असं बोलला तर पोरगी पोलिसात जाईल.”

मी हादरलेच. वळून पाहिलं, तर हातात भाजीची पिशवी घेतलेला एक तरुण हसत उभा.

“तुम्हाला कुणी विचारलं?”

“कुणीच न्हाय. पण असं कोण बोलतंय, सांगा की.”

राग आला, कारण त्याचं खरं होतं. माझ्या कथा मासिकांकडून परत यायच्या आणि शेरा दरवेळी तोच — संवाद पुस्तकी.

उत्कर्ष त्याचं नाव. भूमला गणिताचा क्लास घ्यायचा. कथेशी काडीचा संबंध नाही, पण आगाऊपणा लई. मग दर बाजारी तो स्टँडवर भेटायला लागला. मी नायिकेचं बोलायचे, तो नायकाचं. समोरचा चहा गार व्हायचा. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंही नाही.

“जीव लागला ना शिवांजली, की माणूस मुद्द्याचं बोलतच न्हाय,” तो म्हणायचा. “जेवलीस का, गाडी भेटली का... असलंच कायतरी विचारतंय.”

“मग तिला कळणार कसं?”

“न कळायला काय झालं?”

मला मात्र त्याच्या मनातलं कळेना, आणि माझा जीव तर कधीचाच गुंतलेला. म्हणून एके दिवशी सांगूनच टाकलं, “रविवारी मला बघायला येणारेत. पुण्याचा मुलगा आहे. घरी अण्णांनी जवळजवळ ठरवलंयच.”

त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“गाडी लागली बघ,” तो म्हणाला. “डाव्या बाजूला बस... उजवीकडं ऊन लागंल.”

बस्स? एवढंच? माझ्या नायकाला बोलायला शिकवलं, आणि स्वतः हे? डोळे भरून आले. तरातरा गाडीत चढले आणि बसले, तेही डाव्याच बाजूला.

गाडी हलली. खिडकीतून पाहिलं, तर तो तिथंच उभा, भर उन्हात... आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. उजवीकडं ऊन लागंल. अगं बाई — हा तर बोलून मोकळा झाला होता.

“कंडक्टर मामा, थांबवा गाडी. उतरायचंय मला.”

धावत जाऊन त्याच्यापुढं उभी राहिले. धाप लागलेली.

“जेवलास का?”

त्यानं पिशवी खाली ठेवली. आणि माझ्या नायकाला बोलायला शिकवणाऱ्याच्या तोंडातून काय निघावं?

“तुझ्याविना माझं जीवन... निरर्थक आहे, शिवांजली.”

तेच वाक्य, पण आता त्यातला एक शब्दही पुस्तकी वाटेना.

“रविवारच्या आत येऊन अण्णांना सांग,” मी डोळे पुसत म्हणाले. “फक्त या शब्दांत नको... पोलिसात देतील.”