जर्सीवाला आणि बारकीची चौकशी

बारकीनं आयुष्यात पहिला चोर पकडला, तेव्हा त्याला सगळ्यात आधी काय विचारलं असेल?

"मी तुम्हाला प्रथमोपचार करू का?"

हसू नका! प्रसंग हसण्यासारखा नव्हताच मुळी. भर दुपारी घड्याळांच्या दुकानातून दोन चोर पिशव्या घेऊन सुटले आणि गस्तीवरची बारकी त्यांच्या मागे वाऱ्यासारखी सुटली. पोलिसांच्या अख्ख्या तुकडीत सगळ्यांत बुटकी, म्हणून नाव पडलं बारकी. पण पळण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. ती एकाच्या कॉलरपर्यंत पोचलीच होती, एवढ्यात त्यानं समोरच्या बँकेचं काचेचं दार उघडं आहे असं समजून सरळ त्यात मुसंडी मारली. खळ्ळकन काच फुटली, उन्हात चमचमत फुटपाथभर पसरली... आणि तो माणूस खाली. दंडातून रक्त असं उसळत होतं की बघे दोन पावलं मागे सरकले.

बारकी मात्र पुढे सरकली. प्रशिक्षणातल्या बाईंनी एक गोष्ट डोक्यात अशी काही ठोकून बसवली होती की झोपेतही विसरायची नाही. ताब्यातला माणूस जखमी झाला की आधी तो जखमी, मग आरोपी. शुद्धीवर असेल तर त्याला विचारा. आणि एकदा हात लावलात की जाणत्या माणसाच्या हवाली केल्याशिवाय उठायचं नाही. कायद्यानं ते तुमचं कर्तव्य, उपकार नव्हेत!

म्हणून तिनं विचारलं.

"विचारताय काय बाई, करा की!" चोर कळवळला.

तिनं हातमोजे चढवले, कमरेच्या पाकिटातली कापसाची जाड घडी काढली आणि दोन्ही हातांनी जखम दाबून धरली. तेवढ्यात तिच्याबरोबर गस्तीवरचे हवालदारकाका धापा टाकत येऊन पोचले.

"बारके! अगं सोड ते! दुसरा त्या गल्लीत शिरलाय. पळ!"

"काका, हात काढला तर हा जाईल."

"जाऊ दे! चोरच आहे ना?"

"माझ्या ताब्यातला आहे, काका. नाही सोडता येणार."

"हुकूम आहे माझा!"

 बारकी नोकरीत अजून कायम व्हायची होती. काकांचा एक शेरा वाईट गेला तरी सगळं मुसळ केरात! पण हात... हात काही तिनं उचलले नाहीत. काका पाय आपटत स्वतःच गल्लीकडे धावले. म्हणजे, त्यांचे गुडघे जितके धावू देतील तितके.

आणि मग तिच्या डोक्यावर सावली पडली. पिवळी जर्सी, काखेत फुटबॉल, कपाळावर घामानं चिकटलेले केस.

"सोडा, मी बघतो."

"तुम्ही कोण?"

"ॲम्ब्युलन्सवर काम करतो. आज सुट्टी आहे."

"ओळखपत्र?"

"खेळायला जाताना कोण घेऊन जातं हो?"

"मग नाही."

"अहो, मी रोज हेच करतो!"

"बँकेत जाऊन 'मी रोज येतो' म्हटलं तर पैसे देतात का?"

 तो हसला—गालातल्या गालात, अगदी नको त्या वेळी. "बरं. मदतनीस म्हणून तरी घ्या. तुमचे हात थरथरायला लागलेत. त्यांच्यावर मी जोर देतो... चालेल?"

बारकीनं क्षणभर विचार केला. नियमात हे बसत होतं. "पाकिटात मोजे आहेत. आधी ते घाला."

त्यानं फुटबॉल सोडला, मोजे घातले आणि तिच्या हातांवर आपले हात ठेवले. भरभक्कम, शांत हात. तिच्या हातांची थरथर हळूहळू थांबली... छातीतली मात्र सुरू झाली.

"छान दाबलंय," तो म्हणाला. "कुठं शिकलात?"

"बोलू नका. दाबा."

"आणि रागावतही छान—"

"दाबा म्हटलं ना!"

"भांडू नका हो," खालून चोर पुटपुटला. "मी मध्ये आहे."

ॲम्ब्युलन्स आली. तिच्यातून उतरलेला पहिलाच माणूस ओरडला, "अरे, तू इथे कुठं?" आणि पिवळ्या जर्सीच्या पाठीवर थाप पडली. बारकीचे कान लालबुंद झाले. म्हणजे खरंच होता की हा! तिनं काय झालं, कधी झालं, किती रक्त गेलं ते सगळं त्या माणसाला नीट सांगितलं आणि मगच हात उचलले.

चोर वाचला. दुसरा, अर्ध्या घड्याळांसकट, पसार झाला.

*

चोर रुग्णालयात आणि त्याच्या वॉर्डाच्या दारावर पहारा कुणाचा? बारकीचा! आणि त्याच व्हरांड्यातून दिवसातून कितीतरी वेळा स्ट्रेचर ढकलत कोण जायचं, ते सांगायलाच नको. आता तो गणवेशात असायचा, तरी बारकीच्या लेखी तो जर्सीवालाच.

"आज ओळखपत्र आहे. बघायचंय?"

"फोटोत बरे दिसता."

"आणि प्रत्यक्षात?"

"प्रत्यक्षात बडबडे."

तो निघून जायचा. बारकी समोरच्या भिंतीकडे कडक नजरेनं बघत राहायची. ओठ मात्र ऐकायचे नाहीत.

"बाई," आतून चोराचा आवाज यायचा, "मला तुरुंगात न्यायचं झालं तर याच्याच स्ट्रेचरवरून पाठवा. तुमच्याशी बोलायच्या नादात हा मला हळूहळू नेईल."

"गप पडा! आरोपी आहात तुम्ही."

"आधी जखमी, मग आरोपी. इथे आल्यावर तुम्हीच सांगितलंत."

एका दुपारी जर्सीवाला चहाचे दोन कप घेऊन आला. एक तिच्या हातात दिला. बोटांना बोटं लागली, आणि दोघंही एकाच वेळी दुसरीकडे बघू लागले. वाफेमागे त्याचा चेहरा एकदम गंभीर दिसला तिला.

"मला चौकशीला बोलावलंय," तो म्हणाला. "तुमच्याबद्दल."

नोटीस बारकीलाही मिळाली होती. हवालदारकाकांनी लिहून दिलं होतं: जाणता माणूस जागेवर हजर असताना हिनं जखमी त्याच्या हवाली केला नाही, हुकूम मोडला आणि म्हणून दुसरा चोर निसटला. घड्याळवाल्यानंही तक्रार ठोकली होती. नोकरी जाणार की राहणार, सगळं त्या एका दिवसावर.

"माझा जबाब सगळ्यात महत्त्वाचा आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी सांगतो, मी ॲम्ब्युलन्सबरोबरच पोचलो. आधी नव्हतोच. मग तुम्ही हवाली करणार तरी कुणाला? विषय संपला."

बारकीनं कप खिडकीत ठेवला. खाडकन.

"म्हणजे मी जे केलं ते लपवण्यासारखं होतं?"

"तसं नाही... तुमची नोकरी..."

"माझी नोकरी आहे, काळजी मी करीन. तुम्ही तिथे होतात. मी तुम्हाला नाही म्हटलं. का म्हटलं, ते मला सांगता येतं. माझ्यासाठी एक शब्द जरी खोटा बोललात ना, तर या व्हरांड्यातून जाताना माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही!"

 तो आपला कप न पिताच निघून गेला. 

घरी बारकीनं आईला सगळं सांगितलं. आईनं हातातलं काम थांबवलं नाही, वरही पाहिलं नाही. "नोकरी गेली तर दुसरी बघू. मान खाली घालून आलीस, तर मात्र दार उघडणार नाही." मग जरा थांबून, "आणि तो मुलगा काय करतो म्हणालीस?"

"आई!"

*

ठाण्यातल्या चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल, पलीकडे चष्मा लावलेल्या मोठ्या मॅडम, एका बाजूला हवालदारकाका आणि घड्याळवाला. बारकी ताठ बसली होती, पण जीव टांगणीला लागला होता. जर्सीवाला आत आला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"तुम्ही केव्हा पोचलात?" मॅडमनी विचारलं.

त्यानं एकदा हवालदारकाकांकडे पाहिलं. 

"ॲम्ब्युलन्सच्या बऱ्याच आधी, मॅडम."

"प्रशिक्षित आहात?"

"हो."

"हिनं जखमी तुमच्या हवाली केला असता, तर ही दुसऱ्याच्या मागे जाऊ शकली असती?"

"हो."

"पकडला असता?"

"यांचं पळणं बघता..." त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "हो. बहुतेक पकडला असता."

घड्याळवाल्यानं टेबलावर हात मारला. "ऐका! ऐका!"

बारकीच्या पायांखालची जमीन सरकायला हवी होती. पण झालं उलटंच. तिला वाटलं, आपली उंची वाढली. टोपीसकट, चांगली वीतभर!

"मग तू का सोडलं नाहीस?" मॅडम त्याला बाहेर पाठवून तिच्याकडे वळल्या.

बारकी उठून उभी राहिली. "मॅडम, आता ते कोण आहेत, हे मला माहीत आहे. तेव्हा माझ्यासमोर फक्त एक पिवळी जर्सी होती. कुणीही येऊन 'मी बघतो' म्हटलं, म्हणून मी माझ्या ताब्यातला माणूस कुणाच्याही हाती द्यायचा? ते जाणते नसते, तर तो फुटपाथवरच गेला असता, आणि ते माझ्या हातून झालं असतं. यांच्या घड्याळांचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण घड्याळं पुन्हा येतील." तिनं श्वास घेतला. "हुकूम मोडला हे खरं आहे. पुन्हा तसंच घडलं, तर पुन्हा मोडीन."

 मॅडमनी चष्मा काढला.

"हवालदार, रक्त वाहणाऱ्या माणसाला सोडून द्यायचा हुकूम देता येतो का हो?"

काकांनी घसा खाकरला, मान खाजवली. "नाही मॅडम." मग एकदम बारकीकडे बघून म्हणाले, "चूक माझीच झाली. पोरगी बरोबर होती."

"मग शिस्तभंग झालेला नाही," मॅडम म्हणाल्या. "चोर पकडणं हे आपलं काम आहेच, आणि तो दुसराही सापडेपर्यंत शोधा. पण हातातला जीव टाकून नाही. बस खाली, मुली. नाही... बसू नकोस. अशीच उभी छान दिसतेस."

बाहेर पायऱ्यांवर ऊन पसरलं होतं. जर्सीवाला कठड्याला टेकून उभा होता. चेहरा असा, की नोकरी त्याचीच जाणार होती जणू.

"काय झालं?" त्यानं घाईघाईनं विचारलं.

"राहिली!"

त्यानं डोळे मिटले. जीव भांड्यात पडला त्याचा. "तो शेवटचा 'हो' म्हणताना ना... वाटलं, मी माझ्या हातानं तुम्हाला बुडवतोय. आणि तुम्ही आता आयुष्यात माझ्याशी बोलणार नाही."

"त्याच 'हो'ला तर कळलं मला."

"काय?"

बारकीनं टोपी सरळ केली. चोरामागे पळताना धडधडली नव्हती एवढी छाती धडधडत होती. पण आज ती कुणाला घाबरणार नव्हती—स्वतःलासुद्धा नाही.

"की तुम्ही मला आवडता. खूप."

आणि काय सांगू! अखंड बडबडणारा तो जर्सीवाला... एकदम मुका! तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. वरच्या खिडकीत हवालदारकाकांसकट अर्धं ठाणं लोंबकळत होतं, पण त्याला पत्ता नव्हता.

"बोला ना," बारकी म्हणाली.

"खरं... सांगू?"

"दुसरं काही सांगून बघा!"

तो हसला. एक पायरी खाली उतरला, म्हणजे तिच्या बरोबरीचा झाला, आणि अख्ख्या ठाण्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्यानं ते सांगून टाकलं.