दोन सेकंदांचे पाहुणे

महिन्याला वीस-पंचवीस माणसं दार उघडतात आणि आत न येताच पळून जातात. असं का होत असेल?

हे कोडं मला सन २०६१च्या श्रावणात पडलं. दार म्हणजे आमच्या कुसवलीच्या सर्पमित्र मंडळाचं संकेतस्थळ (इंटरनेटवरचं संस्थेचं घर). मंडळ माझ्या मंगलआत्याचं. घरात साप निघाला की लोकांनी तिथून हाक द्यायची आणि आत्याने साप पकडून रानात सोडायचा. पण हाक येतच नव्हती. त्या महिन्यात गावात सात साप काठीखाली मेले. आत्याला जेवण गोड लागेना.

शेवटी मंडळाने आरेख नावाचा यंत्रमानव बोलावला. प्रत्येक संस्थेला तिच्या गरजेचं संकेतस्थळ बांधून देणं हेच त्याचं काम.

"पहिलं पान कोणी केलं?" त्याने विचारलं.

"मी!" मी ऐटीत म्हणाले. पानभर फणा काढून डोलणारा नाग होता. मंडळातले सगळे त्यावर फिदा! 'काय देखणा आहे!' म्हणत दहा-दहा वेळा पाहत बसायचे.

आरेखने भेटींची नोंद (कोण किती वेळ थांबलं याची यादी) तपासली. "बहुतेक जण दोन सेकंदांत जातात. का, ते नोंदीतून कळत नाही. चल, माणसांना विचारू."

शेजारच्या शेवंताकाकूंच्या घरात मागच्याच आठवड्यात एक बिनविषारी धामण मारली गेली होती.

"उघडलं होतं की गो तुमचं पान!" काकू म्हणाल्या. "एक मेला कपाटामागे बसलेला, नि दुसरा फोनात फणा काढून! हातातला फोनच टाकला मी. मग ह्यांनी काठी घेतली."

मला रडूच आलं. "माझ्या नागामुळे धामण मेली."

"तुला साप आवडतात, म्हणून पान तुझ्यासारख्यांसाठी झालं," आरेख म्हणाला. "आता काकूंसाठी करू. त्या पानावर येतात तेव्हा कशा असतात?"

"घाबरलेल्या."

"वाचायला वेळ असतो?"

"छे! आणि हात थरथरत असतात. म्हणजे बटण मोठं हवं. आणि एकच!"

"शाबास! याला वापरकर्ताकेंद्री रचना म्हणतात (जो वापरणार, त्याच्या गरजेवरून केलेली आखणी)."

नाग मीच पुसला. जिवावर आलं होतं, पण पुसला. त्या जागी एकच मोठं हिरवं बटण आलं: 'साप निघालाय, या!' मग आरेखने मला आज्ञावली (यंत्राला क्रमाने दिलेल्या सूचना) लिहायला शिकवली. बटण दाबलं की फोन आपलं ठिकाण आत्याला कळवणार. डोलणारं चित्र गेल्यामुळे पान हलकं झालं आणि कमी रेंजमध्येही झटकन उघडू लागलं. काकूंना दाखवलं, तर त्यांनी चष्म्याशिवाय बटण दाबलं!

तिसऱ्या दिवशी पहिली हाक आली. पुढच्या महिन्यात एकोणीस साप रानात परतले. काठीखाली एकही गेला नाही.

मंडळाच्या सभेत आत्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "हे आमच्या स्वरांगीने बांधलंय!" मला आकाश ठेंगणं झालं.

सभेनंतर रक्तदाता संघाचे दळवीकाका जवळ आले. "पोरी, आम्हालाही अगदी असंच पान करून दे."

मी आरेखकडे पाहिलं. त्याने 'तूच बोल' अशी खूण केली.

"असंच नाही देणार, काका," मी म्हणाले. "आधी सांगा, तुमच्याकडे कोण येतं?"