सातवं नाव

साखरखेर्ड्यात रविवारी दुपारी दोन ते पाच जयमालाच्या दुकानात शिलाई बंद असते. शटर अर्धं खाली येतं, कापडाच्या टेबलावर हाताने काढलेला नकाशा पसरतो आणि गावातली तीन समंजस माणसं गोष्टीचा खेळ खेळतात. गोष्ट सांगायची समताने, म्हणजे शाळेतल्या गणिताच्या मॅडमने. त्या गोष्टीत मेडिकलवाला ज्ञानेश्वर चोर होतो आणि जयमाला होते तेजी नावाची जादूगारीण. काही बिकट करायचं झालं की फासा टाकायचा. ज्ञानेश्वर टाकण्याआधी फाशावर फुंकर मारतो. दिवसभर लोकांना गोळ्यांचे डोस समजावणारा माणूस त्या फुंकरीवर विश्वास ठेवतो, हे समताने केव्हाच हेरलं होतं.

जादू फुकटची नको, म्हणून तिने नियम केला होता. तेजीने हात उचलला की बोटांतून निळा उजेड निघणार, आणि तो लपणार नाही. जादूनंतर फासा पुन्हा टाकायचा; एक पडला तर कोणीतरी तो उजेड पाहिला असं धरायचं. पाहणाऱ्याचं नाव वहीत. सात नावं झाली की गोष्टीतलं गाव तेजीला हाकलून देणार.

नावं मात्र आळसातून आली.

"इतक्या गावकऱ्यायले नावं कुठून आणू?" समता वैतागली होती.

"आपल्या गावचेच लिहा ना मॅडम," ज्ञानेश्वर म्हणाला. "पह्यले शंकरराव लिहा. त्यायले तसंही दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय हाये."

तिघं पोट धरून हसली. शंकरराव पहिले साक्षीदार झाले.

त्याच आठवड्यात गुरुवारी शंकरराव पायजमा न्यायला दुकानात आले. समता तिथेच बसली होती. त्यांनी पायजमा उलटसुलट पाहिला, नाडी ओढून पाहिली, मग जयमालाच्या हातांकडे बघत राहिले.

"तुह्या बोटायले काय झालं होतं वं? हौदापाशी निळं निळं चमकून राह्यलं होतं."

खेळात तेजीने हात उचलला होता तो हौदापाशीच.

समताने हिशोब मांडला: ज्ञानेश्वर बोलला असणार. त्याने आईची शपथ घेतली. पंधरा वर्षं मुलांच्या शपथा ऐकलेल्या समताने निम्मी मान्य केली.

पण दुसरा साक्षीदार बोलला, मग तिसरा. पाचव्यापर्यंत कोणी तेजी म्हणालं नाही. सगळ्यांनी पाहिली होती ती जयमाला. दोन बायका आपले ब्लाउजपीस न शिवताच परत घेऊन गेल्या. एकीने तर आपला चिमटीत धरला होता.

सहाव्या वेळी समताने परीक्षा घेतली. भिंत उघडताना तेजीला कोणी पाहिलं, ते तिने तोंडाने सांगितलंच नाही. वहीत शेजारणीचं नाव, "रुखमाबाई", लिहिलं आणि वही पर्समध्ये टाकली.

मंगळवारी रुखमाबाई भाजी घेताना जवळ सरकल्या. "तुमच्या मैत्रिणीनं भिंतीले हात लावला अन् भिंत उघडली. मी कोणाले सांगत नाही मॅडम. पण कापड करपल्यावानी वास काऊन येत होता?"

वास समताच्या मनात आला होता. वहीत तो नव्हता.

रविवारी ती म्हणाली, "खेळ बंद करू."

"अन् पोरगी?" जयमालाने विचारलं. मागच्या रविवारी गोष्ट थांबली तेव्हा एक पोरगी विहिरीत पडली होती. "आठ दिवस झाले ते पाण्यात हाये. तिले तशीच सोडू?"

"गिऱ्हाईक तुटून राह्यलं तुझं. सातवं नाव झालं तर?"

"आठवडाभर मी दुसऱ्यायचं माप घेते, समता. रविवार माह्या मापाचा हाये." तिने टेबलावर हात उचलला. "तेजी पाणी वर आणते."

फासा पडला. पाणी काठापर्यंत चढलं, पोरगी तेजीच्या कुशीत आली. ज्ञानेश्वरने चष्मा पुसला आणि धुळीला शिव्या दिल्या. तिघंही इतकी खूश होती, की दुसरा फासा टाकायचं कुणाला सुचेना. समताला सुचलं. अर्धा गुण कधी फुकट न देणारी बाई ती.

एक पडला.

कोणीतरी पाहिलं होतं. समताने वहीत स्वतःचं नाव लिहून दोघांपुढे धरलं. सातातला एक आपलाच असला तर गाव हाकलणार कसं?

"म्हंजे तू मले हाकलणार?" जयमाला हसली.

"येडी काय तू."

जयमालाने चहा मांडला, आलं जास्तच ठेचलं. कितीतरी दिवसांनी तिघं मोकळी हसली. उन्हं कलल्यावर समता घरी निघाली, गुणगुणत.

बसस्टँड ओलांडताना तिला ते आठवलं. नवीन काही कळावं तसं नाही. कधीपासून माहीत असलेलं आठवावं तसं.

विहिरीचा ओला काठ. निळा उजेड. करपलेल्या कापडाचा वास.

डाव्या हाताला शंकरराव होते, उजव्या हाताला रुखमाबाई. मागे वहीतली बाकीची चौघं.

पोरगी कडेवर घेऊन जयमाला समोर उभी होती. समताला पाहून ती हसली.

मग कोणीतरी सगळ्यांच्या आधी वाकून दगड उचलला.

अर्धा किलोचा असेल. थोडा जास्तच. त्याचं वजन समताला अजून उजव्या तळव्यात आठवत होतं.