रेल्वेची बाजू

थॉर्नबेकचा फुटबॉल संघ मोठ्या लीगमध्ये कधीच खेळला नाही आणि गावाला त्याची फारशी खंतही नव्हती. गिरणीतल्या माणसांनी काढलेला संघ. गिरणी गेली, संघ राहिला. शनिवारी दुपारी मैदानावर जायचं, गोलमागच्या कठड्याला टेकून आपल्याच पोरांना मनसोक्त शिव्या द्यायच्या आणि घसा बसवून घरी परतायचं, एवढंच.

ब्रायोनीला खेळाचं वेड नव्हतं. ती यायची वडिलांसाठी, रेगसाठी. रेगचं काळीज शरदात एकदा बंद पडता पडता राहिलं होतं. डॉक्टरांनी थंडीत फिरू नका म्हणून सांगितलं, त्यावर मॅच म्हणजे फिरणं नव्हे, असं त्याचं उत्तर. त्या दिवशी निघताना आईनं ब्रायोनीला बाजूला घेऊन बजावलं, की त्याला क्षणभरही एकटं सोडू नकोस; दमला तर धुक्यात कुठंतरी बसेल आणि हाकही मारणार नाही.

धुकं होतंच. डिसेंबरातलं, ओलं, जड. मध्यंतर होईतो समोरचा गोल दिसेनासा झाला होता. खांबावरचे दिवे लागले होते, पण त्यांचा उजेड वरच्या वर लोंबकळत होता, खाली उतरतच नव्हता.

मध्यंतरात संघ बाजू बदलतात, तसे इथले प्रेक्षकही बदलतात. आपला संघ ज्या गोलवर चढाई करणार त्याच गोलमागं उभं राहायचं, म्हणून सगळा जथा मैदानाला वळसा घालून पलीकडच्या टोकाला जातो. थॉर्नबेकमध्ये हा वळसा कायम चहाच्या खोपट्याकडून. दुसरी बाजू, रुळांकडची, मोकळी ठेवायची. पाहुण्यांना हसू यायचं. ब्रायोनीला मात्र लहानपणापासून त्या बाजूकडे पाहवत नसे. रेगनंच तिला सांगून ठेवलं होतं: पहिल्या महायुद्धात गावची पोरं भरती झाली, आणि एका मॅचच्या मध्यंतरात, काही खेळाडू, काही प्रेक्षक, त्याच वाटेनं स्टेशनात गेली. गाडी थांबलेली होती. त्यातलं कुणी परतलं नाही. "त्यांचा दुसरा हाफ बघायचा राहिलाय," रेग म्हणायचा. "ती येतात मध्यंतरात. आपण त्यांच्या वाटेत कशाला यायचं?"

आणि नेमका आज खोपट्याकडच्या वाटेवर दोर बांधला होता. खाली पाइप फुटून जमीन खचली होती. क्लबचा नवा सेक्रेटरी बाहेरगावचा. त्यानं क्लबच्या एका पोराला, डंकनला, पिवळं जाकीट चढवून तिथं उभं केलं होतं आणि सगळ्यांना रुळांकडून पाठवायला सांगितलं होतं. म्हातारी माणसं दोरापाशी घुटमळली, आपापसांत पुटपुटली. पण थंडी होती, खेळ सुरू व्हायचा होता. हळूहळू पावलं वळली.

रेग वळेना.

"डंकन, त्या बाजूनं आम्ही जात नाही."

"मग थांबा इथंच," डंकन म्हणाला. "आता आपला गोलकीपर याच टोकाला येईल, त्यालाही सोबत होईल."

लोक हसले. ब्रायोनीचे कान तापले. बाप दोराशी भांडतोय, लोक बघताहेत, आणि जथा तर पुढं निघालेला. तिनं मागं न बघताच हात लांब केला. थंडगार, ओला हात तिच्या हातात आला.

"चला ना, डॅड."

तो आला.

वाट अरुंद होती. एका अंगाला कठडा, दुसऱ्या अंगाला काळी भिंत, भिंतीपलीकडे रूळ. पुढची माणसं धुक्यात विरली, नुसते त्यांचे आवाज उरले. मग आवाजही थांबले, एकदम, वर्गात मास्तर आल्यासारखे.

समोरून बूट वाजत होते.

जड बूट, खूप बूट, पण घाई नाही. ब्रायोनी भिंतीला चिकटली. कुणीतरी खांद्याला घासून गेलं, मग आणखी कुणी. भिजलेल्या लोकरीचा वास, कोळशाच्या धुराचा वास आणि त्याखाली चिखलाचा, खोल खणलेल्या मातीचा. पुढं कुणीतरी "माफ करा हं" म्हणालं. बूट तसेच वाजत राहिले. ब्रायोनीनं मान खाली घातली होती, म्हणून तिला फक्त पाय दिसले. पिंढऱ्यांना जुन्या काळच्या शिपायांसारख्या कापडी पट्ट्या गुंडाळलेल्या.

"डॅड... दमलात का?"

हातातला हात किंचित दाबला गेला.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की मागं काठी वाजत नाहीये. रेग काठीशिवाय चार पावलं टाकत नसे. आणि हा हात... हा म्हाताऱ्याचा नव्हता. हाडकुळा, खरखरीत, पण कोवळा होता.

 सोडावा, तर तो खरंच डॅडचा असला तर? धुक्यात, या वाटेवर, त्यांना सोडून जायचं? आणि धरावा, तर आपण कुणाला घेऊन चाललोय? वळून पाहिलं असतं तर कळलं असतं. तिनं वळून पाहिलं नाही. ती चालत राहिली, ओठ घट्ट मिटून, आणि तो हात तिच्या मागोमाग येत राहिला, शहाण्या पोरासारखा.

अचानक उजेड, माणसं, शिट्टी. ती पलीकडच्या टोकाला पोचली होती. हात रिकामा होता. मागं धुक्याशिवाय काही नव्हतं.

ती सैरभैर धावली. ज्याला त्याला विचारत सुटली, माझे वडील पाहिलेत का, काठी आहे, राखाडी टोपी आहे. रेग कोपऱ्यातल्या निशाणापाशी सापडला. हातात चहाचा कागदी पेला होता.

"कुठं गेली होतीस? मी दोराखालून आलो, आपल्या नेहमीच्या वाटेनं. किती हाका मारल्या तुला."

तिनं सांगितलं. रडत, तुटक. रेग जवळ सरकला.

"हात सुटला ना पण?"

"सुटला..."

"तू सोडलास, की त्यानं?"

तिला आठवेना. रेगनं पेला कठड्यावर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा मॅच अर्धी टाकून तो फाटकाकडे चालू लागला.

गाडीत बसल्याबरोबर तिनं किल्ली फिरवली. रेगचा श्वास जोरात चालला होता, पण चालला होता. तिनं मनातल्या मनात देवाचे आभार मानले. आता घर, शेकोटी, आई. काचा आतून भरभर पांढऱ्या होत गेल्या. दोघांच्या श्वासानं इतक्या झाल्या नसत्या. भिजलेल्या लोकरीचा वास आला. तिनं आरशाकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि नजर रस्त्याला खिळवली.

गिरणीच्या वळणावर रेग सावकाश मागं वळला.

"कुठल्या गल्लीत सोडायचं रे, बाळा?"

ब्रायोनीनं स्टिअरिंग घट्ट धरलं. रेग कान देऊन ऐकत होता, मध्येच मान हलवत होता. त्याचा आवाज खाली आला, आजारी माणसाशी बोलावं तसा.

"अरे... ती गल्ली तर कधीच पाडली. घरं राहिली नाहीत तिथं."

पुन्हा तो ऐकत राहिला. मग पुढं वळून त्यानं लेकीच्या दंडावर हात ठेवला.

"पोरी, या थंडीत कुठं जाईल तो? आपल्याकडेच चल म्हटलंय मी."

मागच्या सीटवरून एक शब्दही ब्रायोनीला ऐकू आला नव्हता.