लेसरला दिसलेला साग

जगातली सगळी थोर प्रेमं आभाळातून उतरतात. नचिकेतचंही तिथूनच उतरलं. फक्त उतरताना सागाच्या शेंड्याला आपटलं आणि शेजारच्या फुललेल्या पळसात उलटं लटकलं.

ड्रोन होता तो, पोटाला लेसरचं यंत्र बांधलेला. खाली मान वर करून उभा असलेला नचिकेत मूळचा वसमतचा. पण पुण्याच्या कंपनीत लागल्यापासून झाडावर चढणं विसरला होता.

“कुणाचं लेकरू रुसून बसलं वर?”

मागे खाकीतली वनरक्षक साक्षी उभी होती. त्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडचं हे जंगल तिच्याच राखणीत.

“माझं,” तो म्हणाला. “जरा... काढून द्याल?”

“देते. पण यापुढं आमाला इचारल्याबिगर झाडावर बसवायचं न्हाई.”

वनखात्याला पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करायचा होता: कुठला साग राखायचा, कुठला तोडायचा. ड्रोन वरून लेसर सोडून झाडांची उंची मोजायचा. आणि लेसर थापा तर मारत नाही ना, हे पाहायला खाली माणसांनी काही बुंध्यांना टेप गुंडाळायचा. इथला साग असा सडपातळ, की एकट्या माणसानं मोजावा. तरी ही दोघं दोन बाजूंना उभी राहत, आणि टेपची टोकं जुळताना बोटंही जुळत.

“घेर किती?”

“अं? ...विसरलो.”

“मंग पुन्ना मोजा.”

साक्षीची त्याला हरकत नव्हती. काळजी एकच. काम संपत आलं होतं, मग हा पुढच्या कामाला गडचिरोलीला जाणार. आणि पठ्ठ्या अजून उंची नि घेर सोडून तिसऱ्या विषयावर आला नव्हता.

शेवटच्या दिवशी ड्रोन उडाला. तो वर असताना झाडांखाली कुणी थांबायचं नाही, हा नियम. नचिकेत नेमका तिथंच थांबला.

“साक्षी, मला एक...”

“एक काय?” ती जवळ सरकली. डोक्यावरून घरघर गेली.

“एक... बॅटरी जास्त आणायला हवी होती.”

संध्याकाळी विश्रामगृहाच्या ओट्यावर, लॅपटॉपच्या पडद्यावर सगळं जंगल ठिपक्याठिपक्यांनी उभं राहिलं. मधेच एक भलतं झाड: साडेपाच फूट उंच, बुंधा घसघशीत. यंत्रानं ते साग म्हणून मोजूनही टाकलं होतं.

“हे... आपण दोघं,” नचिकेत लाजला. “एकच दिसतोय. खोडतो.”

“काहून? ऱ्हाऊ द्या की. चूक दिसली म्हंजी साहेब पुन्ना उडवायला लावतीन.”

“म्हणजे अजून पंधरा दिवस...”

“व्हय. तकलीफ हाय का तुमाला?”

तकलीफ नव्हती. अहवाल तसाच गेला. साहेबांनी तो दुसऱ्याच दिवशी मंजूर केला, न उघडता. शिवाय फोन करून शाबासकी दिली.

गोरेगावची जीप भरल्याशिवाय सुटत नाही. नचिकेत ड्रोनची पेटी मांडीवर घेऊन मागे बसला होता. एकच जागा उरली होती. साक्षी खाली उभी.

“निघाले मंग?”

“साक्षी, मी... तिकडे टेपचं दुसरं टोक...”

“धरन की कुणीबी.”

“कुणीही नको. म्हणजे...”

“बोल ना रे बाबा,” शेजारची म्हातारी करवादली. “ऊन वाढून राहिलं.”

“लग्न कराल माझ्याशी?”

साक्षीनं आधी टोपी नीट केली. “लेसरला दिसलं ते तुमाला आत्ता दिसलं व्हय? चला हट्ट्याला, आमच्या गावाला. आईला जयभीम करा, मंग इषय काडा. नोकरी पक्की हाय का इचारन ती. तवा खोटं बोलू नका.”

नचिकेत पेटीसकट उतरला. ड्रायव्हरनं कपाळावर हात मारला. आता दोन जागा रिकाम्या.

तिच्या आईनं, पद्माबाईंनी, विचारलंच. जावयाची नोकरी कंत्राटी निघाली, पण लेकीची सरकारी होती, भागलं. लग्न वैशाखात झालं.

खात्याच्या नव्या आराखड्यात ती दोघं मिळून एक साग आहेत. वाढ खुंटलेला असल्यामुळे तो पुढच्या तोडणीत घेतला आहे.