नऊ नंबरची कटोरेवाली

हैदराबादेत मलकपेठला रेसकोर्सच्या मागं एक लांबट दगडी कोठार होतं. पूर्वी तिथं घोड्यांचा चारा ठेवत. पुढं संस्थानी पलटणीची जुनी हत्यारं तिथं आली, आणि पलटण मोडली तरी हत्यारं काही हलली नाहीत. या कोठाराचा मिस्त्री भिवाजी. दस्ता तडकला, घोडा अडकला, नळी वाकली की बंदूक त्याच्या टेबलावर यायची. चोवीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. आता छप्पन सालच्या ऑक्टोबरात त्याला एकच गोष्ट हवी होती, या गावातून सुटका.

एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन वाटे व्हायचे होते आणि भिवाजीच्या वाट्याला नांदेड आलं होतं. बदलीचा हुकूम हातात होता. कोठारातल्या निकामी मालाची मोजणी होऊन कोठाराचे साहेब केशवराव यांची सही पडली की तो मोकळा. तारनाक्याच्या दोन खोल्यांत त्याची बायको भागूबाई ट्रंका भरायला बसलीही होती. दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला दीक्षा घ्यायला गेली, हा मोजणीपायी अडकला. "नांदेडला गेल्यावर घेऊ," भागूबाई म्हणाली होती. "खोटं बोलणार नाही, असं बी म्हणावं लागतं म्हणे त्यात."

शेवटी राहिला होता कटोरेवाल्या बंदुकांचा ढीग.

बंदुकीनं बॉम्ब फेकायची अक्कल ज्या कुणा साहेबाला सुचली, त्यानं जन्मात बंदूक साफ केली नसावी, असं भिवाजीचं पक्कं मत होतं. पहिल्या महायुद्धात बॉम्बला लांब सळई लावून ती नळीत खुपसायचे. बॉम्ब जायचा, पण चार-दोन बारांत नळीच्या पोटाला फुगवटा यायचा. मग सळई गेली आणि नळीच्या तोंडावर पोलादी कटोरा आला. कटोऱ्यात बॉम्ब बसवायचा, त्याची पिन ओढायची, दस्ता जमिनीला टेकून बिनगोळीचं काडतूस उडवायचं. बॉम्बची पट्टी कटोऱ्याच्या भिंतीनं दाबून धरलेली असते. बॉम्ब बाहेर पडला की पट्टी सुटते, आणि तिथून सात मोजले की स्फोट. कटोऱ्यात आहे तोवर धोका नाही, हे प्रत्येक शिपायाला घोकायला लावत. या माऱ्यानं नळी फुटू नये म्हणून तिला तांब्याच्या तारेचे गच्च वेढे घालत. ते काम मिस्त्रीचं. एकदा वेढे पडले की ती बंदूक गोळीच्या कामाची राहत नसे.

या पलटणीत आणखी एक रिवाज होता. ओढलेल्या पिनेची कडी शिपायानं डाव्या करंगळीत घालायची आणि बॉम्ब फुटल्यावर मिस्त्रीच्या तळहातावर आणून ठेवायची. जितके बॉम्ब तितक्या कड्या. भिवाजी त्या एका तारेत ओवून खिळ्याला अडकवायचा. तार अजून तिथंच होती. तिच्यात एक कडी कमी होती.

ती दौलतची. दौलत म्हणजे भागूबाईचा धाकटा भाऊ. गावाकडं खळ्यावर धान्य मापणारा, त्यामुळं बॉम्ब सुटल्यावरही तो एकच्या जागी 'लाभ' म्हणायचा. लाभ, दोन, तीन. हवालदार शिव्या द्यायचा, सगळी रांग हसायची. बेचाळीस साली, गावाबाहेरच्या तलावाकाठी सराव चालू असताना त्याच्या हातातल्या नऊ नंबरची नळी फुटली. तुकडा गळ्यात शिरला. कटोरा बॉम्बसकट तलावात जाऊन पडला. सगळे आडवे पडून मोजत राहिले, पण तो बॉम्ब काही फुटला नाही. गळ टाकून पाहिले, कटोरा मिळाला नाही. दौलतच्या करंगळीत कडीही नव्हती.

चौकशीत भिवाजीनं सांगितलं, शिपायानं चुकून गोळीचं काडतूस भरलं. दौलतच्या माथी हलगर्जीपणा आला. त्याची आई मालनबाई पेन्शनसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत मेली, आणि भावाच्या चुकीची लाज भागूबाई चौदा वर्षं वागवत आली. खरं असं होतं, की त्या आठवड्यात तार संपली होती. साहेबाचा तगादा होता. भिवाजीनं नळीच्या पुढच्या भागाला तारेचे वेढे घातले, मागं सुतळी गुंडाळली आणि वरून डांबर फासलं. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. फुटक्या बंदुकीचे तुकडे त्यानं स्वतःच्या हातानं भट्टीत घातले होते.

म्हणजे बारांतल्या उरल्या अकरा. दरवर्षी अकराच भरायच्या.

केशवराव शहरातल्या कोठी भागात राहणारे, उर्दू शाळेत शिकलेले, पानाचे शौकीन. त्यांनी ओळीनं बोट फिरवलं. "एक, दो, तीन..." आणि शेवटाला थांबले. "मिस्त्री, बारा कायकू?"

"अकरा आहेत, साहेब."

"तुम्हीच मोजा."

भिवाजीनं मोजल्या. बारा भरल्या. नवव्या बंदुकीशी त्याचा हात थांबला. दस्त्यावर नऊचा आकडा होता. पुढं तांबं, मागं डांबर. नखानं खरवडलं तर खाली सुतळीचा धागा लागला. कटोरा जागेवर होता. आत बोट घातलं तर ओलं लागलं, आणि बोटाला हिरवं शेवाळ चिकटून आलं. गाळाचा वास आला. पाऊस थांबून पंधरा दिवस झाले होते आणि कोठाराचं छप्पर कुठंच गळत नव्हतं.

भिवाजीची पाचावर धारण बसली.

"पुरानी गिनती गलत असेल," केशवराव म्हणाले. "पण कागदावर नऊ नंबर फुटलेली आहे. ती साबूत इथं असेल तर मग तेव्हा काय फुटलं, हे कुणीतरी विचारील. जुनी फाइल उघडावी लागेल. काय ते लिहून द्या. त्याशिवाय मला सही करता येत नाही."

"फाइल उघडली तर नांदेडचं?"

"मग नांदेड कुठलं? सहा महिने बसा इथंच."

भिवाजीनं रात्रभर विचार केला असं म्हणता येणार नाही. त्यानं ठरवलं ते तिथंच, टेबलाशी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कागद नेऊन दिला. नंबर टाकण्यात पूर्वी चूक झाली, फुटलेली बंदूक दुसरी होती, एकूण नग बारा.

केशवरावांनी कागद वाचला. रिवाज म्हणून पुन्हा मोजायला लागले. "लाभ, दोन, तीन, चार..."

"काय म्हणालात साहेब?"

"काय म्हणालो?"

"एकला."

"एक म्हणालो. और क्या म्हणणार?" ते वैतागून म्हणाले आणि पुढं मोजू लागले.

निकामी मालाच्या नळ्या साहेबासमोर कापायच्या असतात. आठ झाल्या. नववी त्यानं शिकंज्यात धरली आणि कटोऱ्याच्या मागं करवत लावली. पातं सहज चालत होतं. कटोरा सुटून टेबलावर पडला आणि खट् असा आवाज झाला. लहानसा, कोरडा. तो आवाज भिवाजीनं हजार वेळा ऐकला होता. सुटलेल्या पट्टीचा आवाज.

त्यानं कटोऱ्यात पाहिलं. आत काही नव्हतं.

तरी तो मनात मोजू लागला. सातापर्यंत मोजलं. काही झालं नाही. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजले होते. केशवरावांनी पानाची पिंक टाकली, सही केली आणि सुटकेचा कागद त्याच्या हातात ठेवला.

घोडं एकदाचं गंगेत न्हालं! भिवाजी सायकलवर बसला तेव्हा त्याला शीळ घालावीशी वाटत होती. भागूबाईनं ट्रंकेसाठी मजबूत कुलूप सांगितलं होतं. तो कोठीला वळला, चार दुकानं पाहून कुलूप घेतलं, इराण्याकडं चहा प्यायला. उन्हं उतरायच्या आत तारनाक्याला पोचला. भिंतीला सायकल लावली.

भागूबाई उघड्या ट्रंकेजवळ बसली होती. शेजारी दौलतच्या कपड्यांचं गाठोडं सुटलेलं होतं. पलटणीनं ते चौदा वर्षांपूर्वी पाठवलं तेव्हापासून तिनं त्याची गाठ सोडली नव्हती.

तिच्या डाव्या करंगळीत पिनेची कडी होती.

"कुठं मिळाली?" भिवाजीनं विचारलं.

"दौलतच्या सदऱ्याच्या खिशात. खिसा ओला होता हो. सहज बोटात घातली ती निघंना. साबण लावला, तेल लावलं."

"कधी?"

"साडेधाची गाडी गेली तवा." ती जराशी हसली. "तवापासनं खुळ्यागत मोजायलीय. दौलत खळ्यावर मोजायचा तसं. गाडी गेली तवा लाभ झाला. मग किती येळ तिथंच. जेवताना दोन. भांडी घासताना तीन. मी काही मोजत नाही, आपोआप व्हायलंय."

"आता किती झाले?"

"तुम्ही सायकल लावली तवा सहा."

खोलीत गाळाचा वास होता. भिवाजीला कळत होतं, की सांगायचं तर आत्ता. भागूबाईसुद्धा मान वर करून त्याच्याकडं बघत थांबली होती, जणू तो काहीतरी बोलणार हे तिला ठाऊक होतं.

"भागू, दौलतचं ते..."

"काय दौलतचं?"

खिशातला सुटकेचा कागद त्याला छातीशी जाणवत होता.

"काही नाही," तो म्हणाला. "कुलूप आणलंय."

भागूबाईनं मान हलवली. करंगळीतली कडी एकदा फिरवली. ती सहज निघाली.

"सात," ती म्हणाली.

ती उठली, त्याच्याजवळ आली, आणि कडी त्याच्या तळहातावर ठेवली. कडी ऊन होती.

"सुतळीचे किती वेढे होते?" तिनं विचारलं.