मानेवरचं जू

मुक्ताला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याने कबूतर चक्क उलटं धरलं होतं. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या पक्ष्यांच्या दवाखान्यात, बुटांच्या खोक्यातून आणलेलं, पंख दुखावलेलं कबूतर... आणि धरणाराच घामाघूम.

"आराम से धरा न. ते काही तुम्हाला खात नाही," म्हणत तिने कबूतर स्वतःकडे घेतलं. मानेवरची पिसं फुंकरीने उलटी केली. "बापरे, याच्या मानेवर किती जू आहे!"

त्याने वाकून पाहिलं. "जू? याला नांगराला कोण जुंपतं हो?"

मुक्ताला आधी कळेना. मग हसू दाबता दाबता तिचे डोळे ओले झाले. हा अनय, सातारचा, रेल्वेच्या नोकरीने नुकताच इकडे आलेला. त्याच्या मराठीत जू असतं ते बैलाच्या मानेवर. मुक्ताचं घर सात पिढ्या उज्जैनचं. तिच्याकडे हिंदीतली जू केव्हाची घरची झालेली.

"आम्ही उवा म्हणतो," तो म्हणाला.

"तेच तर म्हणतेय मी पण."

ती पीएच.डी. करत होती ती पक्ष्यांच्या पिसांत राहणाऱ्या या उवांवरच. तिला बघायला येणारी स्थळं विषय ऐकूनच चहा अर्धा सोडून उठत. हा मात्र दर रविवारी दवाखान्यात येऊ लागला. तो पक्षी धरायचा, ती पिसांत पावडर भुरभुरून कागदावर झटकायची, पडलेल्या उवा ब्रशने टिपून स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. खरं तर यात प्रेमात पडण्यासारखं काय होतं? पण दोन डोकी एकाच कागदावर वाकायची, तिची बट त्याच्या मनगटाला लागायची, आणि मोजणी हमखास चुकायची.

"मानेवरच का एवढ्या?" त्याने एकदा विचारलं.

"तिथे स्वतःची चोच पोचत नाही न. बाकी अंग कबूतर आपलं आपण साफ करतं. मानेवरची मात्र जोडीदारच काढतो."

"आणि जोडीदार नसला तर?"

"तर बसा खाजवत," ती म्हणाली. कान तापले म्हणून तिने बाटलीचं लावलेलं झाकण उगाच पुन्हा लावलं.

एकदा तो भैरवगढला जाऊन आला. लोक तिथे छापाच्या कापडासाठी लांबून येतात. याने आणलं छाप मारायच्या आधीचं कोरं पांढरं कापड. "तुझा कागद पंख्याने उडतो. आणि छापील घेतलं असतं तर उवा दिसल्या असत्या का?" मुक्ताने ते दोन आठवडे वापरलंच नाही. कपाटात घडी करून ठेवलं आणि उगाच उघडून बघत राहिली. बोललं मात्र कुणीच नाही. दोघांनाही वाटे, घाई कसली आहे?

मग वडिलांची तब्येत बिघडली म्हणून अनय साताऱ्याला गेला. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्याचा मेसेज आला. "इथे मानेवर जू बसलंय. तू सोडवशील का?"

मुक्ता बसमध्ये होती. वाचून तिला इतकं लाजल्यासारखं झालं की तिने खिडकीकडे तोंड केलं. शेवटी विचारलंच याने, आणि तेही आपल्याच भाषेत! मग लगेच हो म्हणायचं? जरा नखरा नको? तिने लिहिलं, "मानेवरची जोडीदारच काढतो. शोधा एखादी!"

सूक्ष्मदर्शकाखाली उवेच्या पायावरचे केस मोजणारी ही मुलगी... उवेसाठी त्याने 'बसलीय' लिहिलं असतं. त्याने 'बसलंय' लिहिलं होतं. एवढंसं तिच्या नजरेतून सुटलं.

त्याचं उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारी तो स्वतःच आला, हातात पेढ्यांचा पुडा आणि बोटात नवी अंगठी.

"साखरपुडा झाला," तो म्हणाला. "अपूर्वा. बाबांच्या मित्राची मुलगी. बाबांनी हट्टच धरला होता. घर पाहुण्यांनी भरलेलं, फोन करायला कोपरा नव्हता, म्हणून तुला लिहिलं... तू स्पष्ट सांगितलंस ते बरं झालं."

"काय सांगितलं मी?"

"दुसरी शोधा म्हणून."

मुक्ताने फोन काढून तो मेसेज पुन्हा वाचला. या वेळी तिला बैल दिसला.

"मला ती जू वाटली," ती म्हणाली. "आमची. मला वाटलं, थट्टा करताय... शोधा एखादी म्हणजे मी. मीच, अनय. एवढं पण नाही समजलं?"

तो बाकावर बसला.

"मोड," ती म्हणाली. पाच महिन्यांत तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "तुझ्या घरच्यांशी मी बोलते. साताऱ्याला येते. पण मोड."

"मंगळवारी हे म्हणाली असतीस तर..."

त्याचा फोन वाजला. त्याने कट केला. परत वाजला. तो उठून खिडकीशी गेला. "हो अपूर्वा, पोचलो... तू जेवलीस का? अजून दुखतंय डोकं? मग पड जरा. मी करतो नंतर."

साहेबांशी, काकांशी तो कर्तव्य म्हणून बोलायचा तेव्हाचा आवाज मुक्ताला पाठ होता. हा तो नव्हता. त्याला स्वतःला अजून कळलं नसेल, पण तिला कळलं, आणि सगळं संपल्यासारखं झालं.

तो परत आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. "मुक्ता, मला दोन दिवस दे. विचार करतो मी."

"विचार करावा लागतोय न... तर मग राहू दे."

तो 'नाही, मोडतो' म्हणेल म्हणून ती थांबली. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना दाणे घालून झाले, पाणी बदलून झालं, तरी थांबली. मग त्याने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि तो निघून गेला.